पोथी कोणाच्या घरी ठेवावी?

घरातील जुने कागद कोणाच्या स्वाधीन करावेत, हा प्रश्न जामबागेतील आणि आसपासच्या जुन्या मराठी कुटुंबांना आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा समुद्रापलीकडे आहेत. वाडे विकले जात आहेत, आणि माळ्यावरच्या ट्रंकांत मोडी लिपीतील जमाखर्चाच्या वह्या, सनदांच्या नकला, पत्रांचे गठ्ठे पडून आहेत. याला बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन टाकावे आणि मोकळे व्हावे. आमच्या घरातही एके काळी हेच उत्तर दिले गेले. त्याचे पुढे काय झाले, आणि त्या निमित्ताने आम्हांला या प्रश्नाचा जो थोडा इतिहास चाळावा लागला, तो वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. या इतिहासात महानुभावांच्या पोथ्या आहेत, तुकोबांचे अभंग आहेत आणि गेल्या पाव शतकातील संगणकांची जाळीही आहेत. प्रथमदर्शनी हे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतील. पण प्रत कोणापाशी ठेवावी, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच आहे.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो पूर आला, त्याच्या हकिकती आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेल्या असतील. अफझलगंजातील ज्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, ते झाडही अनेकांनी पाहिले असेल. हजारो घरे पडली, हजारो माणसे गेली. जामबागेतील विवेक वर्धिनी शाळा स्थापन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. आमचे पणजोबा निजाम सरकारच्या महसूल खात्यात कारकून होते. नदीकाठच्या वस्तीतून उठून आलेली अकरा कुटुंबे त्या दिवसांत त्यांच्या घरी राहिली. कोण कोठले, घरात माणसे किती, काय वाहून गेले, कोणाला किती ज्वारी दिली, हे सर्व त्यांनी आपल्या रोजच्या वहीत मोडीत टिपून ठेवले. त्यांतील काही कुटुंबांच्या मूळ गावाची आणि त्या वेळच्या माणसांची नोंद त्या वहीवाचून अन्यत्र कोठेही नाही.

आमच्या वडिलांनी ही वही १९७० नंतरच्या दशकात शहरातील एका संस्थेच्या स्वाधीन केली. हेतू चांगला होता. पक्की इमारत, लोखंडी कपाटे, नोंदवही, सर्व काही तेथे होते. निवृत्त झाल्यावर, २०१९ साली, आम्ही ती पाहावयास गेलो. पहिल्या खेपेस संस्थेला सुटी होती. दुसऱ्या खेपेस कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते रजेवर होते. तिसऱ्या खेपेस दुरुस्तीसाठी कपाटे दुसरीकडे हलविली होती आणि ती कोठे हलविली हे सांगणारे गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते. वही हरवली असे कोणीही म्हटले नाही, आणि ती हरवली असेल असे आम्हांलाही वाटत नाही. ती मिळत नव्हती, एवढेच.

पुढे काही महिन्यांनी नांदेडला आमच्या आत्यांकडे गेलो असता हा विषय सहज निघाला. आत्या उठल्या आणि देवघराच्या खालच्या फडताळातून दोनशे पानी शाळेची एक वही घेऊन आल्या. वडिलांनी मूळ वही संस्थेला देण्यापूर्वी त्या माहेरी आल्या होत्या. मोडी त्या आमच्या पणजोबांकडूनच, म्हणजे त्यांच्या आजोबांकडून, शिकलेल्या. आठ दिवसांत त्यांनी सबंध मजकूर बाळबोधीत उतरून घेतला होता. इतकी वर्षे हे सांगितले का नाही, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "अरे, मला कोणी विचारलंच नाही. मी तर इथंच होते."

"मी तर इथंच होते," हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. सरकारी नोकरीत असताना दप्तरखान्याशी आमचा पुष्कळ संबंध आला. कागद सुरक्षित असणे आणि कागद हाती येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही जुन्या कारकुनाला ठाऊक असते. पण प्रत ठेवण्याचे ठिकाण निवडताना आपण पहिल्या गोष्टीचाच विचार करतो. तेथे भिंती किती जाड आहेत हे पाहतो, दार किती वेळ उघडे असते हे पाहात नाही.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडविला, याचे मराठीतील सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण लीळाचरित्राचे आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात, म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा एकत्र करण्याचे काम हाती घेतले. लीळा ज्याच्यासमक्ष घडली असेल त्याच्याकडे ते जात, त्याच्या तोंडून ती ऐकत आणि नागदेवाचार्यांकडून तिची शहानिशा करून घेत. अशा रीतीने मराठीतील पहिला चरित्रग्रंथ सिद्ध झाला. परंतु पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सैन्याच्या धामधुमीत ग्रंथाची मूळ पोथी नाहीशी झाली.

ग्रंथ मात्र नाहीसा झाला नाही. पंथातील निरनिराळ्या व्यक्तींना तो कमीअधिक पाठ होता. त्यांच्या आठवणींतून तो पुन्हा लिहिला गेला, आणि ज्याच्या आठवणीतून लिहिला गेला त्याच्या नावाने त्या त्या पाठाची परंपरा चालू झाली. त्यांत हिराइसा या स्त्रीच्या नावाचा पाठ विशेष मान्यता पावलेला आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली लीळाचरित्राची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा या वेगवेगळ्या पाठांचा केवढा पसारा शिल्लक आहे हे सामान्य वाचकालाही दिसून आले.

मूळ पोथी ज्या जागी होती ती जागा पंथात सर्वांत आदराची होती, यात शंका नाही. पण संकट आले तेव्हा ग्रंथ तारला तो आदराच्या जागेने नव्हे, तर अनेक ठिकाणी विखुरलेल्या आणि त्या वेळी हयात व हजर असलेल्या माणसांनी. पुनर्लेखन करणाऱ्यांना पंथातील सर्वांत श्रेष्ठ कोण हे विचारून भागण्यासारखे नव्हते. ज्याला पाठ आहे असा मनुष्य आज कोठे भेटेल, हे त्यांना शोधावे लागले.

तुकोबांच्या गाथेचीही कथा याच जातीची आहे. इंद्रायणीत वह्या बुडविल्याचा प्रसंग श्रद्धेने कसाही समजून घ्यावा. अभंग टिकले ते अनेकांच्या वह्यांत आणि अनेकांच्या कंठांत, एवढे ऐतिहासिक सत्य त्यातून उरतेच. संताजी जगनाडे यांच्या वह्या प्रसिद्ध आहेत. १८६९ आणि १८७३ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी गाथेची छापील आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांना देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या पोथ्या जमवाव्या लागल्या. साडेचार हजारांवर अभंग त्या आवृत्तीत आले. या पोथ्या कोणी एकाने योजनापूर्वक वाटून ठेवल्या नव्हत्या. ज्यांना त्या रोज म्हणावयाच्या होत्या त्यांच्या घरी त्या होत्या, आणि रोज म्हणावयाच्या होत्या म्हणूनच मागितल्या तेव्हा सापडल्या.

येथून आम्ही वाचकांस एकदम संगणकांकडे नेत आहोत, त्याचे कारण असे की, हाच प्रश्न तेथे गणिताच्या भाषेत मांडला गेला आणि त्याची काही उत्तरे मोजून काढली गेली. पोथ्यांच्या बाबतीत आपल्याला शतकांनी जे कळते, ते संगणकांच्या बाबतीत काही दिवसांत कळते.

संगणकांच्या जाळ्याची नेहमीची रीत दप्तरखान्यासारखी असते. मध्ये एक मोठा संगणक, सर्व माल त्याच्यापाशी, आणि बाकीच्यांनी तेथे जाऊन मागावयाचे. दुसरी रीत शेजारधर्माची आहे. तिला ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात. म्हणजे बरोबरीच्यांचे जाळे. येथे मोठा कोणी नाही. प्रत्येकाच्या घरी काही तरी आहे, प्रत्येक जण देतो आणि घेतो. संध्याकाळी विरजण संपलेले असले म्हणजे आपण दुग्धालयात जात नाही, शेजारचे दार ठोठावतो, तसेच हे. आणि विरजण मागावयास जाताना कोणाचे दही उत्तम लागते यापेक्षा या वेळी घरी कोण असेल हेच आपण आधी पाहतो. बरोबरीच्यांच्या जाळ्यात सोबती निवडण्याचा सर्वांत मोठा प्रश्न हाच ठरला.

१९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने ‘नॅपस्टर’ सुरू केले. गाणी लोकांच्या घरच्या संगणकांत, पण कोणाकडे काय आहे याची सूची मात्र मध्यवर्ती ठिकाणी, अशी त्याची रचना होती. न्यायालयाच्या आदेशांमुळे ती सूची २००१ च्या जुलैत बंद पडली आणि सूची बंद पडताच सगळेच थांबले. गाणी ज्याच्या त्याच्या घरी होतीच, पण ती कोठे आहेत हे सांगणारा उरला नाही. २००० सालच्या मार्चमध्ये आलेल्या ‘न्युटेला’त मध्यवर्ती सूचीच नव्हती. आपण शेजाऱ्याला विचारावयाचे, त्याने आपल्या शेजाऱ्याला. यात एक वेगळीच अडचण निघाली. शेजारी जागेवर राहात नसत.

वॉशिंग्टन विद्यापीठातील सरोयू, गुम्माडी आणि ग्रिबल या संशोधकांनी २००२ साली या दोन्ही जाळ्यांतील संगणकांची ये-जा मोजून प्रसिद्ध केली. एकदा आलेला संगणक किती वेळ टिकतो, याचे मध्यमान सुमारे ६० मिनिटे निघाले. म्हणजे निम्मे लोक तासाभरात उठून जात. अशा सभेत निरोप कोणाच्या हाती द्यावा? त्याच मोजणीच्या आधारे दुसरीही एक गोष्ट दिसून आली. जो जितका अधिक वेळ बसलेला आहे, तो आणखी एक तास बसण्याचा संभव तितका अधिक. नुकताच आलेला लगेच उठतो, सकाळपासून बसलेला सहसा उठत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातील पेटार मेमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ सालीच ‘कॅडेम्लिया’ नावाची जी पद्धत मांडली, तिने या निरीक्षणाचा सरळ नियम केला. प्रत्येक संगणकाने आपल्या ओळखीच्यांच्या छोट्या याद्या ठेवावयाच्या. यादी भरलेली असताना नवा कोणी आला, तर आधी यादीतील ज्याची खबर सर्वांत जुनी आहे त्याला हाक मारावयाची. त्याने ‘ओ’ दिली तर तो राहिला, नव्याला जागा नाही. त्याने उत्तर दिले नाही तरच नव्याला घ्यावयाचे. नव्याच्या झगमगाटासाठी उत्तर देणाऱ्या जुन्याला सोडावयाचे नाही. याचा आणखी एक लाभ असा की, कोणी मुद्दाम नव्या नावांची गर्दी करून जुन्या ओळखी पुसून टाकू म्हटले तर ते सहज साधत नाही. आमच्या पिढीला हा नियम नवा वाटणार नाही, पण त्याच्यामागे मोजणी आहे हे समाधान वेगळे.

उपलब्धतेचे गणितही सोपे आहे. समजा, ज्यांच्याकडे प्रत आहे ते प्रत्येक जण निम्मा वेळच घरी असतात. एकाच्याच भरवशावर राहिलो तर दोहोंपैकी एक खेप फुकट जाईल. पाच जणांकडे प्रती असतील तर पाचही जण एकदम गैरहजर असण्याचा प्रसंग ३२ खेपांत एकदा येईल. दहा जणांकडे असतील तर १०२४ खेपांत एकदा. आता हेच लोक दहापैकी नऊ वेळा घरी सापडणारे असतील, तर तिघांकडे प्रती असल्या तरी १००० खेपांत एकदाच हात हलवीत परतावे लागेल. म्हणजे निम्म्या वेळेच्या दहांचे काम नेमाची तीन माणसे करतात. प्रतींची संख्या वाढविण्याइतकीच माणसांची पारख महत्त्वाची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मात्र या गणितात एक अट लपलेली आहे. एकाच्या गैरहजेरीचा दुसऱ्याच्या गैरहजेरीशी संबंध नसला पाहिजे. १९०८ च्या पुरात नदीकाठच्या एकाच आळीतील दहा घरी प्रती असत्या, तर दहाही एका दिवसात गेल्या असत्या. या जातीचा प्रसंग संगणकांच्या जाळ्यावर २००७ च्या ऑगस्टमध्ये आला. ‘स्काइप’ ही दूरसंभाषणाची सेवा त्या काळी बरोबरीच्यांच्या जाळ्यावर चालत असे, आणि जे संगणक अधिक स्थिर व समर्थ दिसत त्यांच्यावर इतरांना वाट दाखविण्याची जबाबदारी पडे. विंडोज प्रणालीतील एका नेहमीच्या सुधारणेमुळे जगभरातील असंख्य संगणक थोड्याच काळात बंद होऊन पुन्हा सुरू झाले. जबाबदारीचे संगणक एकाच वेळी उठून गेले, परतणाऱ्यांची एकच झुंबड उडाली, आणि सेवा सुमारे दोन दिवस कोलमडली. एकेकटा पाहिला तर प्रत्येक जण भरवशाचा होता. पण सर्वांची किल्ली एकाच खिळ्याला टांगलेली होती.

याच्या उलट, गैरहजेरी ठरल्या वेळची असेल तर ती उपयोगीही पडू शकते. रंजिता भगवान, स्टीफन सॅव्हेज आणि जेफ्री व्होल्कर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत ‘ओव्हरनेट’ या जाळ्याची तपासणी करून २००३ साली जे निष्कर्ष काढले, त्यांत उपलब्धता एका आकड्यात सांगता येत नाही हे ठासून मांडलेले आहे. दिवसाची वेळ बदलली की हजेरी बदलते. इथे रात्र तेव्हा अमेरिकेत दिवस. दोघे निम्मा वेळच जागे असले तरी दोघे मिळून चोवीस तास होतात. याच तपासणीत आणखी एक मार्मिक गोष्ट आढळली. संगणकाची ओळख त्याच्या पत्त्यावरून धरली तर फसगत होते, कारण तोच संगणक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पत्त्यावरून येतो. मोजणाऱ्याला वाटते, एक गेला आणि दुसरा आला. वस्तुतः मनुष्य तोच असतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर नांदेड, परभणी, गुलबर्गा आणि हैदराबाद यांच्यामध्ये ज्यांच्या घरांची वाटणी झाली, त्यांना हे समजावून सांगावयास नको. आमच्या आत्यांचे आडनाव लग्नाने बदलले, गाव बदलला, पुढे राज्यही बदलले. म्हणून आमच्या हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी लागली. त्या मात्र होत्या तेथेच होत्या.

तर मग सर्वांत अधिक हजर राहणाऱ्यांची यादी करावी आणि सगळा भार त्यांच्यावर टाकावा काय? येथेही थोडे थांबले पाहिजे. जो हाकेला ओ देतो त्यालाच पुन्हा पुन्हा हाक मारली, तर एक दिवस तोही दार लावून घेतो. प्रत्येक संस्थेत सगळी कामे करणारे एक गृहस्थ असतात आणि ते गेले की संस्था बसते, हा आपला अनुभव आहे. शिवाय पसंतीची यादी स्वतःच घोटाळा करू शकते. ब्रायटन गॉडफ्रे, स्कॉट शेंकर आणि आयन स्टॉइका यांनी २००६ साली असे दाखविले की, आधीच ठरविलेल्या पसंतीक्रमाला चिकटून राहण्यापेक्षा, जो गेला त्याच्या जागी त्या क्षणी हजर असलेल्यांतील कोणीही एक चिठ्ठी टाकून घेतला, तरी जाळे पुष्कळ वेळा अधिक स्थिर राहते. याचे मर्म असे की, आपण अवचित ज्याचे दार ठोठावले आणि ते उघडले, तो बहुधा घरी पुष्कळ वेळ असणाराच मनुष्य असतो. फार हिशेब न करताही स्थिर माणूस हाती लागतो. दार ठोठावण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

ग्रंथपालांनी या सर्वांतून आपल्या कामाचा धडा घेतला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९९ साली ‘लॉक्स’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. पुष्कळ प्रती असतील तर वस्तू सुरक्षित राहतात, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन हे नाव बनविलेले आहे. त्यात प्रत्येक ग्रंथालय नियतकालिकांची संगणकीय प्रत आपल्यापाशी ठेवते. अधूनमधून ही ग्रंथालये आपापल्या प्रती एकमेकांशी ताडून पाहतात. एखाद्याची प्रत बहुतेकांच्या प्रतींहून वेगळी निघाली तर ती बिघडली असे समजून दुरुस्त करून घेतात. हे सारे संथपणे चालते, घाई मुद्दामच केलेली नाही. देहूची पोथी तळेगावच्या पोथीशी ताडून पाहणाऱ्या पंडितद्वयाला हे काम ओळखीचे वाटले असते. फरक एवढाच की, त्यांना बहुमताखेरीज पाठांतील रसही पारखावा लागला.

हैदराबादकरांना या गोष्टीचा एक अनुभव अगदी जवळचा आहे. या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या मोठ्या उपक्रमात जुनी भारतीय पुस्तके पानोपान छायांकित झाली. त्याचे एक प्रमुख केंद्र गच्चीबावलीच्या ट्रिपल आयटीत होते. दुर्मिळ मराठी पुस्तकेही त्यात आली, आणि घरबसल्या ती वाचण्याची सोय झाली. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. तरीही त्यांतील पुष्कळ पुस्तके आज वाचता येतात. कारण काही पुस्तकप्रेमींनी ती आधीच उतरवून घेऊन अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संग्रहात ठेवली होती. आणि तो संग्रह तरी अढळ आहे काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावर संगणकीय हल्ला झाला आणि कित्येक दिवस त्याचेही दार बंद होते. जगातील सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी तो एक आहे. जे पुस्तक त्या दिवसांत कोणाला हवे होते, ते त्याला ज्याने स्वतःच्या संगणकात उतरवून ठेवले होते त्याच्याकडूनच मिळाले असेल.

या सगळ्यावरून संस्थांना काही देऊच नये, असा अर्थ कोणी काढू नये. मूळ कागद संस्थेकडेच शोभतात. कसर, वाळवी आणि ओल यांच्याशी झगडण्याचे बळ एकेकट्या घरात नसते. आमचे म्हणणे एवढेच की, मूळ कागद देऊन आपले काम संपत नाही. त्याच्या प्रती माणसांकडे असाव्यात, आणि ती माणसे निवडताना त्यांची पदवी, हुद्दा किंवा घराचा आकार न पाहता त्यांची हजेरी पाहावी. पत्राला उत्तर देतात का? दूरध्वनी उचलतात का? दहा वर्षांपूर्वी होते तेथे आज आहेत का? मग त्यांची गावे आणि घराणी एकमेकांपासून निराळी असावीत, म्हणजे एका पुरात किंवा एका स्थलांतरात सगळे एकदम जाणार नाहीत. कोणा एकावर फार भार घालू नये. आणि वर्षातून एकदा तरी सर्वांना हाक मारून पाहावी. ज्याची ओ आली नाही त्याच्या जागी दुसरा शोधावा, आणि त्याची ओ का आली नाही याचीही चौकशी करावी, कारण येथे संगणक नाहीत, आपली माणसे आहेत.

अशा रीतीने पाहू लागले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. सदैव हजर असणारी माणसे मानपत्रांत आणि कार्यकारिणीच्या यादीत क्वचितच असतात. हिराइसेचे नाव राहिले, पण तिच्यासारख्या इतर कितींनी काय काय जपले हे कोणी विचारले नाही. घराघरांतील आत्या, मावश्या आणि वयोवृद्ध काकू यांनी जी पत्रे, व्रतांच्या कहाण्या, वंशावळी आणि हिशेब सांभाळले, त्यांच्यापाशी जाण्याचे आपल्याला सुचत नाही, कारण त्या नेहमीच तेथे असतात.

आमच्या पणजोबांच्या वहीच्या आता सहा प्रती आहेत. एक नांदेडला आत्यांच्या फडताळात, तीच जुनी. एक जामबागेत आमच्याकडे. एक गुलबर्ग्याला, त्या अकरा कुटुंबांपैकी एकाच्या वंशजांकडे. त्यांना आपल्या खापरपणजोबांचे नाव त्या वहीतूनच प्रथम कळले. एक पुण्यास, एक आमच्या धाकट्या मुलाकडे अमेरिकेत. आमची रात्र असताना त्याचा दिवस असतो. सहावी आम्ही मूळ वही जेथे आहे त्या संस्थेलाच नेऊन दिली, कारण मूळ मोडीतील आहे आणि पुढे ती उघडणाऱ्याला सोबत बाळबोध पाठ लागेल. दर अनंतचतुर्दशीच्या दिवशी आम्ही सर्वांना दूरध्वनी करतो. गेल्या खेपेस पुण्याहून उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी कळले की, त्या गृहस्थांनी घर बदलले आहे. वही नव्या घरी सुखरूप आहे.

उरलेल्या दहा कुटुंबांपैकी सातांचा पत्ता अद्याप लागलेला नाही. अफझलगंज, बेगमबाजार किंवा चादरघाट या बाजूने १९०८ च्या पुरात ज्यांची माणसे उठून जामबागेत आली होती, अशी आठवण ज्या वाचकांच्या घरी असेल, त्यांनी संस्थेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. आम्ही इथेच आहोत.